आपोआप झालं म्हणे! वाचकांचे प्रश्न, काँप्युटरचे वैताग

या वेळच्या पत्रांमधे एक वाक्य जवळपास सगळ्यांनी लिहिलंय, 'ताई, मी काहीच केलं नाही, आपोआप झालं'. माझा विश्वास आहे तुमच्यावर. खरंच तुम्ही काही केलेलं नसतं आणि बऱ्याचदा काही बिघडलेलंही नसतं, लोकांना हेच बरं पडेल असं कोणीतरी परस्पर ठरवून एक टिक आधीच मारून ठेवलेली असते आणि ती कुठल्या मेनूच्या पोटात दडलीये हे मात्र सांगायचं राहून जातं. पत्रं बहुतेक विंडोजवाल्यांची आहेत म्हणून उत्तरं विंडोज ११ धरून लिहिलीयत. मॅकवाल्यांचा एकच प्रश्न घेतलाय, रागावू नका.

प्रश्न : ताई, मी शिस्तीतला माणूस आहे, रोज रात्री लॅपटॉप शट डाउन करूनच झोपतो. परवा सहज टास्क मॅनेजर उघडला तर परफॉर्मन्सच्या पानावर 'अप टाइम' म्हणून कित्येक दिवसांचा आकडा! म्हणजे मी बंद करतो तेव्हा तो बंद होतच नाही का? आणि मुलगी म्हणते 'बाबा रीस्टार्ट करा', तसं केलं की सगळं सुरळीत चालतं, शट डाउन केल्यावर चालत नाही, हे काय गौडबंगाल?

उत्तर : काका, तुमची मुलगी बरोबर आहे. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची एक सोय आहे. शट डाउन म्हटलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुम्ही लॉग आउट होता, पण विंडोजचा जो आतला गाभा आहे, कर्नल आणि ड्रायव्हर (वायफाय, आवाज, स्कॅनर असल्या भागांशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम) वगैरे, तो पुसला न जाता जसाच्या तसा डिस्कवर एका फाइलमधे लिहून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. म्हणून मशीन लवकर चालू होतं. पण मग रात्री एखादा ड्रायव्हर अडकलेला असेल तर तोही इमानेइतबारे तसाच अडकलेला परत येतो! वायफाय सापडत नाही, आवाज जातो, स्कॅनर ओळखत नाही, असल्या तक्रारींमधे हा गडी बऱ्याचदा निघतो. रीस्टार्टमधे मात्र सगळं खरोखर पुसून पहिल्यापासून सुरू होतं. नावावरून कोणालाही उलटच वाटेल हे मान्य.

कायमचं बंद करायचं तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डाव्या बाजूला 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथं वर एक निळी ओळ आहे 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल', ती दाबल्याशिवाय खालच्या टिका फिकट दिसतात आणि लोक तिथूनच परत फिरतात. ती दाबा, मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' वरची टिक काढा, सेव्ह करा. एखाद्या वेळेपुरतंच हवं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. फास्ट स्टार्टअप आलं तेव्हा घरोघरी फिरत्या हार्ड डिस्क होत्या, त्यामुळं फरक डोळ्यांना दिसायचा. आता एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली जलद डिस्क असेल तर काही सेकंदांचा प्रश्न आहे, मी तर बिनधास्त काढून टाका म्हणेन. आणि कोणी एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी दुसरी फुकट सिस्टिम) दोन्ही ठेवलं असेल तर त्यांनी काढाच, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहायला गेलं की तो ड्राइव्ह अर्धवट झोपलेला असतो आणि लिहू देत नाही.

प्रश्न : ताई खूप टेन्शनमधे लिहितेय. रोज कोपऱ्यात वनड्राइव्हची पाटी यायची, स्टोरेज फुल झालंय, जागा विकत घ्या. मला वाटलं हे इंटरनेटवरचं काहीतरी आहे, आपल्याला लागत नाही, म्हणून वेबसाइटवर जाऊन तिथले सगळे फोल्डर डिलीट केले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला तर डेस्कटॉप रिकामा! डॉक्युमेंट्स रिकामं! थीसिसचे चॅप्टर होते हो त्यात. मी लॅपटॉपवरचं तर काहीच डिलीट केलं नव्हतं.

उत्तर : आधी घाई करा आणि मग पुढचं वाचा. वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवणीची जागा, तिच्या त्याच वेबसाइटवर डाव्या बाजूला रीसायकल बिन आहे, पर्सनल अकाउंटमधे डिलीट केलेलं साधारण ३० दिवस तिथं राहतं, सगळं निवडा आणि रिस्टोअर करा. लॅपटॉपवरचा रीसायकल बिनही बघून घ्या. झालं? आता श्वास घ्या.

झालं काय ते सांगते, कारण हा प्रश्न एकटीचा नाहीये, या वेळी सगळ्यात जास्त पत्रं यावरच आहेत. नवीन मशीन चालू करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट टाकलं की वनड्राइव्ह सुरू होतं आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या तीन फोल्डरांचा 'बॅकअप' घेऊ का असं विचारलं जातं, काही वेळा तर विचारल्याचंही कळत नाही, नेक्स्ट नेक्स्ट करताना होऊन जातं. आता बॅकअप म्हटलं की आपल्याला वाटतं मूळ फाइल इथं आणि तिची कॉपी तिकडं. तसं नाहीये ते. ते तीन फोल्डर उचलून वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत नेऊन ठेवले जातात. खात्री करायची असेल तर डेस्कटॉपवरच्या एखाद्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधे 'लोकेशन' वाचा, सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, आणि त्यानंतर डेस्कटॉप लिहिलेलं असायला हवं, मधेच 'वनड्राइव्ह' हा शब्द दिसला तर तुमचा डेस्कटॉप तिकडं राहायला गेलाय असं समजा. आणि तिकडं जे राहतं ते दोन्हीकडं एकच असतं, म्हणजे वेबसाइटवर डिलीट केलंत की लॅपटॉपवरचंही जातं. याला सिंक म्हणतात, बॅकअप नव्हे, पण बटणावर बॅकअप लिहिलंय आणि फुकट जागा फक्त ५ जीबी, त्यामुळं पाटी येणार, माणूस वैतागणार आणि जागा करायला नेमकं हेच करणार. माझं मत विचाराल तर ती पाटी ज्या भाषेत लिहिलीये तिथंच खरी चूक आहे.

बाहेर कसं पडायचं तर घड्याळाजवळच्या ढगाच्या चिन्हावर क्लिक करा, सेटिंग्ज, 'सिंक ॲण्ड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप', आणि तिन्ही फोल्डर बंद करा. आता इथं दुसरा झटका बसू शकतो म्हणून आधीच सांगून ठेवते, बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो, कारण फाइल्स अजून वनड्राइव्हच्याच फोल्डरमधे असतात आणि डेस्कटॉप आपल्या जुन्या जागी परत गेलेला असतो. गेल्या नाहीयेत. फाइल एक्स्प्लोररमधे वनड्राइव्ह उघडा, आतला डेस्कटॉप उघडा, सगळं निवडून कट करून खऱ्या डेस्कटॉपवर पेस्ट करा. फाइलच्या शेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती लॅपटॉपवर उतरलेलीच नाहीये, नुसतं नाव दिसतंय, तेव्हा आधी राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा, हिरवी टिक आली की मग हलवा. आणि थीसिसची एक कॉपी पेन ड्राइव्हवर, आजच्या आज.

प्रश्न : ज्या लॅपटॉपवर मराठी टाइप करतो त्यावर मधेच इंग्रजीच्या जागी देवनागरी उमटायला लागतं, कधी उलटं होतं. कळस म्हणजे पासवर्ड टाकताना ठिपकेच दिसतात त्यामुळं कुठली भाषा चालू आहे ते कळत नाही आणि 'पासवर्ड चुकीचा' म्हणून तीनतीनदा हाकलून देतो. कीबोर्ड गेलाय का?

उत्तर : कीबोर्ड ठणठणीत आहे. डावं आल्ट आणि शिफ्ट एकदम दाबलं की भाषा बदलते, हा फार जुना शॉर्टकट आहे, आणि जलद टाइप करणाऱ्यांची बोटं तिथं हमखास पडतात. सेटिंग्जमधे 'टाइम ॲण्ड लँग्वेज', 'टायपिंग', 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज', 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' असं जा, जी छोटी जुनाट खिडकी उघडेल तिथं 'बिटवीन इनपुट लँग्वेजेस' निवडून 'चेंज की सीक्वेन्स' मधे 'नॉट असाइन्ड' करा. भाषा बदलायला विंडोज की आणि स्पेसबार आहेच, तो चुकून दाबला जात नाही. लॉगिनच्या स्क्रीनवर उजवीकडं खाली भाषेची तीन अक्षरं दिसतात, पासवर्डआधी तिकडं एक नजर टाकायची सवय लावा.

जाता जाता, शिफ्ट पाचदा दाबल्यावर टुंग करून येणारी 'स्टिकी कीज'ची खिडकी पण बऱ्याच जणांना छळते असं दिसतंय. ज्यांना एका वेळी दोन बटणं दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी ती फार मोलाची सोय आहे, तुम्हाला नको असेल तर 'ॲक्सेसिबिलिटी', 'कीबोर्ड' मधे तिचा शॉर्टकट बंद होतो.

प्रश्न : स्टार्टमधे फाइलचं नाव टाइप केलं की माझी फाइल राहते बाजूला आणि इंटरनेटवरचे रिझल्ट येतात, एंटर दाबलं की ब्राउझर उघडतो, तोही मी वापरत नाही तो. मराठी नावाच्या फाइल्स तर सापडतच नाहीत. 'दुसऱ्या सत्राचे गुण' अशी फाइल डोळ्यांसमोर फोल्डरमधे दिसतेय, नाव टाइप केलं तर म्हणतो नो रिझल्ट्स. मी शिक्षिका आहे, वेड लागायची पाळी आलीये.

उत्तर : दोन वेगवेगळी दुखणी आहेत तुमची, पहिलं सगळ्यांचं आहे आणि दुसरं खास आपलं.

पहिलं म्हणजे स्टार्टमधला सर्च हा बिंग या सर्च इंजिनला जोडलेला आहे आणि तिथली लिंक एज ब्राउझरमधेच उघडते, तुम्ही डीफॉल्ट म्हणून दुसरा ठेवला असला तरी. युरोपात २०२४ पासून डिजिटल मार्केट्स ॲक्ट नावाच्या कायद्यामुळं तिथल्या लोकांना हे बदलता येतं, एज काढूनही टाकता येतो. म्हणजे तांत्रिक अडचण काही नाहीये, हे नीट लक्षात घ्या! बाकीच्यांना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या वहीत शिरून 'डिसेबल सर्च बॉक्स सजेशन्स' अशी नोंद करावी लागते, ते जाणकार माणसाकडूनच करून घ्या. त्यापेक्षा सोपं म्हणजे फाइल शोधायला स्टार्ट वापरूच नका. फाइल एक्स्प्लोरर उघडून उजवीकडच्या चौकटीत शोधा, नाहीतर 'एव्हरीथिंग' नावाचं एक चिमुकलं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते ड्राइव्हची नावांची मुख्य यादीच थेट वाचतं, त्यामुळं अक्षर टाइप होईपर्यंत उत्तर हजर. विंडोजला हे का जमत नाही असा प्रश्न मलाही पडतो. सेटिंग्जमधे 'प्रायव्हसी ॲण्ड सिक्युरिटी' खाली सर्चचं पान आहे, तिथं 'क्लासिक' आणि 'एन्हान्स्ड' असे दोन पर्याय मिळतील, क्लासिकमधे फक्त ठरावीक फोल्डरांची सूची बनते, तुमच्या फाइल्स डी ड्राइव्हवर असतील तर त्यात त्या नसणारच.

आता दुसरं. 'दुसऱ्या' या शब्दातला जो ऱ्या आहे तो दोन प्रकारांनी टाइप होतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्या प्रकारात आपला साधा र, हलन्त, मग एक डोळ्यांना न दिसणारं जोडणारं अक्षर, आणि मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात पण काँप्युटरच्या लेखी ते निरनिराळे शब्द आहेत. फाइलचं नाव तुम्ही लॅपटॉपच्या कीबोर्डवर दिलंय आणि शोधताना दुसरा कीबोर्ड लावलाय, किंवा फाइल कोणीतरी मोबाइलवर नाव देऊन पाठवलीये, की झालं, जुळेलच याची खात्री नाही. तेच 'ॲ' चं. एक अख्खं अक्षर ॲ म्हणून आहे आणि अ वर चंद्र काढूनही तसंच दिसतं. त्यामुळं शोधताना शब्दातला बिनघोर तुकडाच टाइप करायचा, 'दुस' पुरे, किंवा 'सत्रा'. आणि ज्या फाइल्स वर्षानुवर्षं लागणार आहेत त्यांच्या नावात तारीख आकड्यांत घालून ठेवा, मग शोधायला अडचण नाही.

प्रश्न : नोटपॅडमधे मराठीत लिहून ठेवलेल्या जुन्या फाइल्स उघडल्या तर नुसती प्रश्नचिन्हं. रिकव्हर होतील का?

उत्तर : नाही होणार, वाईट वाटतं सांगायला. २०१९ च्या आधी नोटपॅड नवीन फाइल सेव्ह करताना 'अन्सी' हा जुना प्रकार धरायचं, त्यात देवनागरीला जागाच नसते, म्हणून एकेका अक्षराऐवजी एकेक प्रश्नचिन्ह लिहिलं जायचं. म्हणजे फाइलमधे खरोखर प्रश्नचिन्हंच आहेत, मागं काही लपलेलं नाही. सेव्ह करताना इशारा यायचा, पण इंग्रजीतल्या लांबलचक इशाऱ्यावर ओके दाबायचं असतं हेच तर आपण शिकलेलो! २०१९ च्या विंडोज १० च्या अपडेटपासून युटीएफ-८ हा प्रकार आपसूक धरला जातो, त्यामुळं आता भीती नाही. प्रश्नचिन्हांऐवजी चित्रविचित्र युरोपियन अक्षरं दिसत असतील तर मात्र आशा आहे, ओपन करताना खाली एन्कोडिंगमधे युटीएफ-८ निवडून बघा.

प्रश्न : दुकानदाराने लॅपटॉप ५१२ जीबीचा म्हणून दिला, आत ४७६ दाखवतंय. फसवलं ना?

उत्तर : नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात, एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट. विंडोज १०२४ च्या हिशेबाने मोजतं आणि तरी पुढं जीबीच लिहितं. ५१२ ला तिकडच्या मापात मोजलं की ४७६ च येतात, १ टीबीचे ९३१. मॅकने २००९ पासून हजाराचा हिशेब धरला, तिथं हा वाद होत नाही.

प्रश्न : लॅपटॉप चालू केला तर निळी स्क्रीन आणि '४८ अंकी रिकव्हरी की टाका' असं. मी असली कुठलीही की कधी बनवली नाही. आदल्या दिवशी फक्त अपडेट झालं होतं. ओळखीतला एकजण म्हणतो फॉरमॅट मारून देतो. मारू का?

उत्तर : थांबा!! फॉरमॅट अजिबात नको. अख्ख्या पानावर हे एकच उत्तर वाचलं तरी चालेल.

तुमची डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे, म्हणजे कुलूपबंद आहे. या सोयीचं नाव बिटलॉकर, होम आवृत्तीत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात. मशीनमधे टीपीएम नावाची एक चिप असते, कुलपाची किल्ली तिच्याकडं, आणि चालू होताना सगळं नेहमीसारखं दिसलं तरच ती किल्ली देते. बायोस म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर अपडेट झालं, त्यातली काही सेटिंग बदलली, मदरबोर्डच बदलला, की चिपला संशय येतो आणि ती तुमच्याकडं ४८ आकडे मागते. चोराने लॅपटॉप उघडून डिस्क काढून नेली तर त्याला काही वाचता येऊ नये हा हेतू, आणि तो चांगलाच आहे. फक्त मायक्रोसॉफ्ट अकाउंटने मशीन सुरू केलं की हे कुलूप आपोआप लागतं, २०२४ च्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर तर आणखी जास्त मशीनवर लागायला लागलंय, आणि घरमालकाला पत्ता नसतो.

की तुमच्या नकळत बनली तशी तुमच्या नकळत साठवलीही गेलीये. त्या निळ्या स्क्रीनवरच एक छोटा वेब पत्ता लिहिलेला असेल, तो मोबाइलवर उघडा, लॅपटॉप सुरू करताना वापरलेल्या ईमेलने लॉगिन करा. तिथं एक किंवा अनेक कीज दिसतील. स्क्रीनवर 'रिकव्हरी की आयडी' म्हणून काही अक्षरं आहेत, ती ज्या ओळीशी जुळतात तिच्यासमोरचे सहासहाच्या आठ गटांतले आकडे टाइप करा. लॅपटॉप दुकानात सेट करून दिला असेल तर कोणाचा ईमेल टाकला होता ते विचारा, ऑफिसचा किंवा कॉलेजचा ईमेल असेल तर की त्यांच्या आयटीवाल्यांकडं असते. की मिळालीच नाही तर फाइल्स परत मिळत नाहीत, कंपनीलाही काढून देता येत नाहीत, कोणी 'करून देतो' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

ज्यांची स्क्रीन अजून निळी झाली नाही त्यांनी आज सेटिंग्ज, 'प्रायव्हसी ॲण्ड सिक्युरिटी', 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' उघडून चालू आहे का बघा. असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे साठवलेली की कागदावर उतरवून कपाटात ठेवा. लॅपटॉपवरच सेव्ह करून ठेवू नका, कुलपाची किल्ली कुलपाच्या आत ठेवल्यासारखं होईल.

प्रश्न : लॅपटॉप झाकण लावून बॅगेत टाकला, काढला तेव्हा तव्यासारखा तापलेला आणि बॅटरी संपलेली. झोपलेला असताना काय करत होता?

उत्तर : झोपलेला नव्हताच. नव्या लॅपटॉपमधे जुनी झोप काढून 'मॉडर्न स्टँडबाय' आणलंय, मोबाइलसारखं, स्क्रीन बंद पण नेटवर्क, मेल, अपडेट चालू शकतं. मोबाइलला ते शोभतं. पंख्याच्या मशीनला बंद बॅगेत नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधे 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज' आहे, तिथं 'ऑन बॅटरी' समोर स्लीपऐवजी हायबरनेट करा. हायबरनेटमधे सगळं डिस्कवर लिहून मशीन खरोखर बंद होतं, उघडायला थोडं जास्त थांबावं लागेल इतकंच. स्टार्टमधल्या पॉवरच्या मेनूतही हायबरनेट हवं असेल तर फास्ट स्टार्टअपची टिक जिथं आहे त्याच पानावर खाली त्याचीही आहे.

प्रश्न : प्रिंट दिली की प्रिंटरवर न जाता फाइल कुठं सेव्ह करू म्हणून विचारत बसतं. प्रिंटर डीफॉल्ट करून ठेवला तरी दोन दिवसांनी परत तेच.

उत्तर : 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर'. हे चालू असलं की तुम्ही शेवटचा जो प्रिंटर वापरला तोच डीफॉल्ट होतो. मधे कधीतरी एखादी पावती पीडीएफ म्हणून सेव्ह केलीत ना? पीडीएफ हाही विंडोजच्या लेखी एक प्रिंटरच, तो डीफॉल्ट होऊन बसला. 'ब्लूटूथ ॲण्ड डिव्हाइसेस', 'प्रिंटर्स ॲण्ड स्कॅनर्स' मधे खाली जाऊन हे बंद करा, मग आपला प्रिंटर निवडून 'सेट ॲज डीफॉल्ट'. आधी बंद, मग सेट, उलट्या क्रमाने करायला गेलात तर बटणच दिसणार नाही.

प्रश्न : मी मॅकवर नवीन आहे. फाइल कट का होत नाही? आणि लाल बटण दाबलं तरी प्रोग्रॅम बंद का होत नाही?

उत्तर : कट नाहीये, आधी कमांड-सी ने कॉपी करा आणि जिथं न्यायची तिथं ऑप्शन-कमांड-व्ही दाबा, तेव्हा ती हलते. एकदा सवय झाली की हे जास्त बरं वाटतं, कारण फाइल हलवायची की नुसती कॉपी करायची हे पेस्ट करताना ठरवता येतं. लाल बटण बहुतेक वेळा फक्त खिडकी बंद करतं, प्रोग्रॅम बंद करायला कमांड-क्यू.

प्रश्न : माझं मशीन विंडोज १० वर मस्त चाललंय, पण आता सपोर्ट संपला म्हणतात आणि ११ या मशीनवर येणार नाही म्हणतात. चांगलं चालणारं मशीन भंगारात टाकायचं का?

उत्तर : टाकू नका, निदान लगेच नाही. सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही, सुरक्षेचे नवे पॅच येणं थांबलं. घरगुती वापरासाठी आणखी एका वर्षाची जोडणी ठेवलीये, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यासाठी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवावं लागतं.

११ ला टीपीएम २.० चिप लागते, सिक्युअर बूट (मशीन चालू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) लागतं आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा. यातली चिपची अडचण कधीकधी नुसती कागदोपत्री असते, चिप असते पण बायोसमधे बंद करून ठेवलेली, तेव्हा 'पीसी हेल्थ चेक' या मायक्रोसॉफ्टच्या तपासणीच्या प्रोग्रॅमने नकार दिला तर नेमकं कारण काय लिहिलंय ते वाचा. प्रोसेसरच जुना असेल तर मात्र इलाज नाही. आडमार्गाने ११ टाकून देणारे भेटतील, चालतंही, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, बँकेची कामं करणार असाल तर मी त्या वाटेला जाणार नाही. ब्राउझर, मेल, लिखाण इतकंच असेल तर लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, इन्स्टॉल न करता चालतं, आवडलं नाही तर पेन ड्राइव्ह काढला की विंडोज जसंच्या तसं. फक्त तुमचा स्कॅनर, टॅली, जुने मराठी फाँट यातलं काय चालतंय ते तेव्हाच तपासा, नंतर नको.

प्रश्न : ताई मी सातवीत आहे. सी, ओ, एन ही तीन अक्षरं देऊन फोल्डर बनवता येत नाही, आमच्या वर्गात सगळे म्हणतात की याचं कारण कंपनीलाही माहीत नाही आणि त्यात भूत आहे. खरं का?

उत्तर : कंपनीला चांगलंच माहीत आहे. विंडोजच्याही आधी डॉस होतं, त्यात 'कॉन' म्हणजे कन्सोल, म्हणजे कीबोर्ड आणि पडदा. तसंच 'पीआरएन' म्हणजे प्रिंटर, 'एनयूएल' म्हणजे फेकून द्यायची जागा, शिवाय 'एयूएक्स' आणि 'कॉम१' वगैरे. प्रोग्रॅमना या यंत्रांशी फाइलसारखंच बोलता यावं म्हणून ही नावं राखून ठेवली आणि जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ती आजवर तशीच आहेत. उद्या वर्गात सांग की 'पीआरएन' नावाचं फोल्डरही बनवून दाखवा. आणि मराठीत 'कॉन' लिहून फोल्डर बनव, ते बिनतक्रार बनतं.